शिक्का मारलेले तीन कागद

आजवर मी जे काही लिहिलं त्यातलं सर्वात जास्त वाचलं गेलेलं लेखन दोन वाक्यांचं आहे. त्याखाली माझं नाव नव्हतं. ते कुणी आवडीनं वाचलं नाही. बीड, केज आणि चौसाळा इथल्या तीन कॉम्प्युटरच्या पडद्यांवर ते उमटायचं आणि उमटलं की खिडकीपाशी उभा असलेला माणूस मागे फिरायचा. त्या दोन वाक्यांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्याचं कारण पुढे येईलच.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. सरकार एकेका कामातून अंग काढून घेत होतं आणि ज्याच्याकडे जमीन, जीप आणि चार कार्यकर्ते आहेत असा प्रत्येक पुढारी शिक्षणसंस्था काढत होता. शिक्षण ही आता उघड्या बाजारातली वस्तू झाली होती आणि दुकान मांडायला परवाना तेवढा लागत होता. असल्याच एका संस्थेत मी नोकरी धरली. संस्थेचं नाव सांगत नाही. तशा तेव्हा पुष्कळ होत्या. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे दादासाहेब म्हणत.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील शाळेत शिपाई होते आणि सुटीच्या दिवशी चळवळीची पत्रकं लिहायचे. सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास मला दुधाच्या वासाइतका जुना आहे. वडील म्हणायचे, "पत्रक हातात पडल्यावर माणूस चार पावलं चालतो आणि फेकून देतो. त्या चार पावलांत त्याला कळलं पाहिजे." औरंगाबादला कॉम्प्युटरचं शिक्षण झाल्यावर माझ्या वर्गातली सगळी मुलं पुण्याला गेली. मी बीडला आलो. आपल्या जिल्ह्यात राहून काम करायचं, असं मी जाहीर केलं होतं. आणि जाहीर केलेलं मागे घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

जावा ही प्रोग्रामची भाषा येणारा तिथं मी एकटाच होतो. हे मी अभिमानानं सांगत असे. त्यातला 'एकटा' हा शब्द किती खरा आहे ते हळूहळू कळत गेलं. संस्थेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिथं सर्व्हरचं मशीन, त्याच्यासाठी एअर कंडिशनर, आणि त्या थंडीत स्वेटर घालून बसलेला मी. बाहेर मे महिन्यात डांबर पातळ व्हायचं. खानावळीत लोक विचारत, "काय काम करता?" मी सांगायचो. ते मान हलवून वरण वाढून घ्यायचे. एखादी अडचण आली तर ती कळेल असा माणूस चाळीस कोसांत नव्हता. मी स्वतःशीच मोठ्यानं बोलून ती सोडवायचो.

धंदा काय होता ते बाहेरच्यांसाठी सांगतो. वेब सर्व्हर हा एक कारकून समजा. केजच्या चौकशी केंद्रात कुणी अर्ज क्रमांक टाकून बटण दाबलं की टेलिफोनच्या तारेवरून ती मागणी माझ्या खोलीत यायची. सर्व्हर यादी चाळायचा आणि उत्तराचं पान परत पाठवायचा. प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा जातो, तो लोकांना दिसत नाही. दोनशे म्हणजे काम झालं. चारशे चार म्हणजे तुम्ही मागता ते इथं नाही. पाचशे म्हणजे तुमची मागणी ठीक होती, पण आमच्याच घरात काहीतरी मोडलं. मोडलं की जावाचा सर्व्हर काहीही झाकत नाही. कुठल्या फाईलीत, कितव्या ओळीला घोटाळा झाला, त्या ओळीला कुणी बोलावलं, त्याला कुणी बोलावलं, अशी पडदाभर इंग्रजीची शिडी तो समोर उभी करतो.

या शिडीला केजात एक नाव पडलं होतं. नाव ठेवलं मन्मथआप्पांनी. आप्पांचं केजच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत संस्थेचं चौकशी केंद्र चालायचं आणि ते आप्पाच चालवायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि मापात सूतभर कमी देणार नाही असा माणूस. त्यांचा फोन यायचा.

"इंजिनेर साब, इंग्रजी उतरलं बगा."

"किती उतरलंय आप्पा?"

"पडदाभर हाय. आन् खाली सरकवलं तर अजून हाय. संपतच न्हाई."

"पहिली ओळ वाचा."

"जे, ए, व्ही, ए, टिंब... माजं गिऱ्हाईक खोळंबलंय वो. तुमीच बगा तिकडनं."

मी बघायचो, दुरुस्त करायचो, परत फोन करायचो. दिवसातून तीनदा, चारदा. चौसाळ्याचा कारकूनही हेच म्हणू लागला. 'इंग्रजी उतरलं' म्हणजे बीडला फोन लावायचा, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या इंग्रजीवर कुणाचाही विश्वास नव्हता, हे तिचं मोठेपण मला फार उशिरा कळलं.

आप्पांची एक रीत होती. कॉम्प्युटरनं जे सांगितलं ते ते छापायचे, खाली तारीख घालायचे, सही करायचे आणि केंद्राचा गोल शिक्का मारून माणसाच्या हातात द्यायचे. एकदा मी केजला गेलो होतो तेव्हा म्हटलं, "आप्पा, कागद किती घालवता! तोंडी सांगा की."

आप्पा मीटरपट्टी खाली ठेवून म्हणाले, "खेड्यातनं आलेला माणूस नुस्त्या तोंडी निरोपावर घरी गेला तर घरी त्याला कोण खरं मानतं? तू गेलताच न्हाईस म्हणतेत. कागद दावला की गप."

"मग इंग्रजी उतरल्यावर तेही छापून देता का?"

"छे छे! त्याच्यावर शिक्का न्हाई मारत मी. त्ये अजून कच्चं हाय."

एके दिवशी दादासाहेबांनी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आमची यंत्रणा दाखवायला घेतली आणि पाहुण्यांदेखत इंग्रजी उतरलं. दादासाहेब हसून म्हणाले, "परदेशी सॉफ्टवेअर हाय. मधेच इंग्रजी बोलतंय." पाहुणे गेल्यावर मला आणि व्यवस्थापक टेकाळे सरांना बोलावणं आलं.

"ते परत दिसायला नको," दादासाहेब म्हणाले. "त्या जागी मराठीत काहीतरी टाका. आन् माझा फोटो टाका, हात जोडलेला. आपलं काही चुकलं तर माणूस हातच जोडतो की."

टेकाळे सर लगेच म्हणाले, "हो, फोटो पाहिजेच."

मी म्हटलं, "दादासाहेब, बिघाड झाला की तुमचा फोटो, असं चार वेळा झालं तर लोकांना वाटेल बिघाड तुमचाच आहे."

टेकाळे सरांचा चेहरा उतरला. दादासाहेब मात्र पोट धरून हसले. "पोरगं बेरकी हाय टेकाळे. फोटो पहिल्या पानावर घ्या. चुकीच्या पानावर ह्याला पाहिजे ते लिहू द्या."

मला पाहिजे ते. बीडला आल्यापासून हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

काम लहान असतं. सर्व्हरच्या एका फाईलीत लिहून ठेवायचं की अमुक आकडा आला तर अमुक पान दाखव. फाईलीत चार ओळी वाढतात. पण त्या पानावर काय लिहायचं यासाठी मी आठवडा घातला. चारशे चारसाठी लिहिलं: "आपण विचारलेली नोंद उपलब्ध नाही. कृपया अर्ज क्रमांक तपासून पाहावा." पाचशेसाठी वेगळं लिहिलं: "यात तुमची चूक नाही. चूक आमची आहे. तुमची नोंद आमच्याकडे असू शकते. आत्ताच बीडला फोन करा." खाली माझ्या टेबलावरचा फोन नंबर. वडिलांची चार पावलं मी स्वतः खोलीत चालून बघितली. वाचून होत होतं.

टेकाळे सरांनी कागद वाचला आणि पेन काढलं.

"चूक आमची? संस्थेच्या नावानं? लेखी?"

"सर, चूक आपलीच असते तेव्हाच हे पान येतं."

"उद्या कुणी कोर्टात गेलं तर हेच पान जोडेल. आणि दोन पानं कशाला? लोकांना काय फरक कळतोय? पहिलं चांगलंय, सभ्य आहे. तेच दोन्हीकडं लावा."

मी दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी लावलं. मला कुणी धमकावलं नाही, नोकरी जाईल असंही कुणी म्हटलं नाही. मी थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर ते पहिलं वाक्य मलाही आवडलं होतं. शांत, नेटकं, सरकारी गचाळपणा नसलेलं मराठी. माझं मराठी तीन गावांत दिसणार होतं.

त्यात एक तांत्रिक भानगड निघाली. त्या वेळचे ब्राउझर चुकीचं पान फार छोटं दिसलं तर ते दाखवतच नसत. स्वतःकडचं इंग्रजी पान पुढे करत. उपाय सोपा होता. पानाच्या पोटात, पडद्यावर न दिसणारा मजकूर भरून ते फुगवायचं. काहीही भरलं तरी चालतं. मी माझा खोडलेला मसुदा भरला. "चूक आमची आहे" हे वाक्य वीस-पंचवीस वेळा. पडद्यावर टेकाळे सरांचं पान आणि त्याच्या आत दडलेलं माझं. प्रत्येक वेळी ते तारेवरून केजपर्यंत जायचं आणि कुणाला दिसायचं नाही. मला हे बंड वाटलं होतं. हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून मी ती फाईल चढवली होती.

त्या दिवसापासून फोन थांबला.

पहिले काही दिवस मला धन्य वाटलं. मग करमेना. दुपारी भारनियमनात एअर कंडिशनर बंद पडायचा, बॅटरीवर मशीन तेवढं गुरगुरायचं, आणि मी फोनकडे बघत बसायचो. आप्पांचं 'इंजिनेर साब' ऐकलं की कुणीतरी आपल्याला ओळखतं असं वाटायचं, ते गेलं. एका रविवारी नुसता माणसांत बसावं म्हणून नारायणगडावर गेलो. दर्शनाला आलेल्या एका कुटुंबानं मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला, कॅमेरा परत दिला आणि खाली उतरलो. त्या आठवड्यात कामाशिवाय झालेलं बोलणं तेवढंच.

सर्व्हर एक रोजनिशी ठेवतो. तिला लॉग म्हणतात. काय मोडलं, किती वाजता मोडलं, सगळं त्यात उतरतं. इंग्रजी पडद्यावर येत नसलं तरी तिथं येत होतं. फोन वाजत होता तेव्हा मी ती रोज उघडायचो. फोन थांबल्यावर उघडायचं कारण उरलं नाही. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो. पत्रकं वाटत वाढलेल्या माणसानं शांततेचा असा अर्थ लावावा!

नर्सिंगच्या प्रवेशाची पहिली फेरी संपून एक दिवस झाला होता. या अभ्यासक्रमाला खेड्यापाड्यातून अर्ज यायचे, कारण तो झाला की दवाखान्यात नक्की काम मिळायचं. पद्धत अशी होती की यादीत नाव आहे का ते केंद्रावर विचारायचं आणि असेल तर ठरलेल्या दिवसापर्यंत बीडला येऊन मूळ कागद दाखवायचे. जो येणार नाही त्याच्यासमोर 'गैरहजर' लागायचं आणि जागा लगेच पुढच्याला जायची. दोन्ही फेऱ्यांच्या याद्या एकदमच लागायच्या. बीडच्या फलकावर फक्त क्रमांकांची यादी लागायची. बाकीच्यांना बीडपर्यंत हेलपाटा पडू नये म्हणूनच तर कॉम्प्युटर होता.

सकाळी अकराच्या सुमारास दारात एक बाई उभी राहिली. तीस-बत्तीस वर्षांची, पदर घट्ट खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी.

"कॉम्प्युटरचं तुमीच बगता का?"

"हो. काय काम आहे ताई?"

तिनं पिशवीतून तीन कागद काढून माझ्या टेबलावर एकाखाली एक लावले. तिन्हीवर माझं वाक्य. 'आपण विचारलेली नोंद उपलब्ध नाही.' तिन्हीखाली वेगवेगळी तारीख, आप्पांची सही, केंद्राचा गोल शिक्का.

"ह्ये तुमीच लिवलंय का?"

"हो."

"मग फलकावर माजा नंबर कावून हाय?"

मला समजेना. तिनं शांतपणे सांगितलं. तिचं नाव कौसल्या. केजजवळच्या एका खेड्यातली, एका खाजगी दवाखान्यात झाडलोट करणारी. तीन वेळा केजला जाऊन तिनं चौकशी केली. दुसऱ्या वेळी आप्पांनी क्रमांक स्वतः तीनदा तपासून टाकला. तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाले, बाई, कॉम्प्युटर तीन बार येकच सांगतोय, आता खोटं कसं म्हनावं. आज दवाखान्याला सुट्टी म्हणून ती जीपनं बीडला आली, उगीच एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. पहिल्या फेरीच्या यादीत तिचा क्रमांक होता. मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती.

मी लॉग उघडला. तीन तारखा, तीन वेळा, केजहून आलेली मागणी. पाचशे, पाचशे, पाचशे. तिन्हींखाली चुकीची एकच ओळ. माझ्या प्रोग्रामची. उत्तराच्या पानावर नाव आटोपशीर दिसावं म्हणून मी मधल्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं घेत होतो. मधलं नावच नसलं तर अक्षर कुठून घ्यायचं? प्रोग्राम तिथं कोसळत होता.

"ताई, अर्जात मधला रकाना रिकामा ठेवला होता का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "व्हय. मुद्दाम."

"का?"

"नवऱ्यानं सोडून आठ वर्षं झाली. त्याचं लिवलं तर त्यो म्हनतो, हिचा माजा संबंध न्हाई, माजं नाव लावायचं न्हाई. बापाचं लिवावं तर भाऊ म्हनतो, तुला दिली तवाच तू हितली न्हाईस. मग मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. माजं नाव हाय, आडनाव हाय. मधी कुनाची गरज न्हाई." मग किंचित हसून म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरला हाय का गरज?"

टाकून दिलेल्या बायकांच्या प्रश्नावर वडिलांनी पत्रक लिहिलं होतं. ते मी स्वतः बसस्टँडवर वाटलेलं. त्यातली वाक्यं मला आजही येतात. आणि प्रोग्राम तपासताना मी चाचणीसाठी घरातली नावं टाकली होती: आईचं, आत्याचं, बहिणीचं. सगळी तीन शब्दांची. मधलं नाव नसलेली बाई माझ्या पत्रकात होती, माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती.

आणि तिची जागा जायला एवढंही पुरलं नसतं. तिच्यासमोर जुनी इंग्रजी शिडी आली असती तर आप्पांनी शिक्का न मारता फोन लावला असता आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत झालं असतं. तिला परत पाठवलं ते माझ्या चांगल्या मराठीनं.

मी तिला घेऊन टेकाळे सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. चूक माझी आहे, लेखी देतो म्हटलं.

सर खुर्चीत मागे टेकले. "जागा भरली. चौसाळ्याची मुलगी आहे, नियमानं पुढची होती. तिला आता उठवायचं का?"

मी म्हटलं, "हिच्या हक्काची जागा आहे सर."

मागून कौसल्या म्हणाली, "तिला कावून उठवता? तिनं काय केलंय?"

मग सर बरेच मऊ होऊन म्हणाले, "बाई, पुढल्या वर्षी अर्ज करा. मी लक्ष घालतो."

"वयाची अट हाय," ती म्हणाली. "यंदाच शेवटचं साल होतं."

खोलीत परत आल्यावर मी तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. बोलायला काही नव्हतं, तरी मी बोलत होतो: माफी मागत होतो, कोर्टात जाऊ म्हणत होतो, पत्रक काढू म्हणत होतो. तिनं ते ऐकून घेतलं आणि मधेच विचारलं, "मधला रकाना रिकामा सोडलेली मी येकलीच हाय का?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी यादी काढली. तिच्याशिवाय आणखी सहा जणी निघाल्या. सहाही दुसऱ्या फेरीच्या यादीत. सहाही जणी केजला चौकशी करून गेल्या होत्या; लॉगमध्ये प्रत्येकीचा पाचशे होता. म्हणजे सहा घरांत शिक्का मारलेला कागद गेला होता. दुसऱ्या फेरीला आठ दिवस होते आणि नाव नाही असं शिक्क्यानिशी कळलेलं माणूस परत विचारायला येत नाही.

मी पुन्हा टेकाळे सरांकडे धावलो. संस्थेच्या कागदावर सहा पत्रं पाठवा म्हटलं. ते म्हणाले, "संस्था पत्रं पाठवत नसते. चौकशी उमेदवारानं करायची." सही द्यायला त्यांनी नकार दिला.

परत येऊन मी म्हटलं, "ठीक आहे. मी मोटरसायकलवर जातो. सहा गावं आहेत, दोन दिवसांत होतील."

कौसल्यानं मान हलवली. "तुमी गेल्यावर काय व्हईल सांगू? सोडलेली बाई हाय, आन् तिला इचारत बीडचा तरना गडी आला. गाव गोळा व्हईल. बाई बिचारी वर्षभर तेच निस्तरत बसंल. भाऊ तुमाला तिच्याशी बोलू बी देनार न्हाई." तिनं हात पुढे केला. "पत्ते द्या. मी जाते. तुमी हितं बसा आन् ते नीट करा."

मी सहा नावं आणि गावं कागदावर लिहिली. तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहू लागलो, तेव्हा म्हणाली, "बारीक लिवलं तरी चालतंय. दहावी पास हाय मी." तिचे तीन कागद मी मागितले, पुरावा म्हणून. दोन तिनं दिले. एक घडी घालून परत पिशवीत ठेवला. "घरी दावायला लागंल," म्हणाली. "मी बीडला गेलते ते खरं वाटाया पायजे."

ती गेल्यावर मी प्रोग्राममधली ओळ दुरुस्त केली. त्याला वेळ लागला नाही. मग पाचशेचं पान वेगळं केलं आणि पोटात दडवलेलं वाक्य वर आणलं, मोठ्या अक्षरात, फोन नंबरासह. कुणाला विचारलं नाही. आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. मग आप्पा म्हणाले, "इंजिनेर साब, मी शिक्का मारलता वो त्याच्यावर." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात त्यांनी केंद्राचा शिक्का संस्थेकडे परत पाठवून दिला. मी त्यांना खूप समजावलं. चूक माझी होती, हे त्यांना पटलं नाही.

माझंही पुढे तिथं फार दिवस जमलं नाही. टेकाळे सरांना नवं पान दिसलं, बोलाचाली झाली, आणि मी राजीनामा दिला. पण तो या हकिगतीचा भाग नाही. नोकऱ्या जातात, मिळतात.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी मी अजून तिथंच होतो. सकाळपासून कागद तपासायच्या खिडकीजवळ उभा राहिलो. माझं काम नव्हतं ते. कारकून सारखा माझ्याकडे बघत होता. साडेदहाला एक आली, जीपमधून उतरून धुळीनं माखलेली. मधला रकाना रिकामा. मग दुपारपर्यंत आणखी दोघी. मी नाव ऐकलं की मनातल्या मनात यादीवर खूण करत होतो. प्रत्येक जीप थांबली की कौसल्या उतरते का ते बघत होतो. ती येणार नाही हे मला कळत होतं. तिला तिथं यायला काही कारणच नव्हतं.

चौथी बाई मुदत संपायला थोडा अवकाश असताना आली. तिचे कागद बघून झाले, पावती हातात पडली, ती पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा बघत होती. मी जवळ गेलो.

"तुम्हाला कुणी सांगितलं, नाव आहे म्हणून?"

"आलती की येक बाई. आमी म्हनलं, बस, जेवून जा."

"कौसल्या. तिचं नाव कौसल्या आहे."

"आसंल. नाव काय सांगितलं न्हाई तिनं," ती म्हणाली. "च्या बी घेतला न्हाई. म्हनली, अजून दोन गावं ऱ्हायलीत."